निराश्रितांचा आधार : श्री गाडगे महाराज



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी मला दोनदा सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. एखादी पाककृती लिहून देते असे म्हटले, तर पाककृती पुष्कळ जमल्या आहेत, तू आपल्या माहेरच्या मुलखातल्या एखाद्या थोर माणसावर लिही, असा त्यांनी आग्रह धरला. माझे माहेर अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबा त्याच मातीतले. माझ्या आजीने लहानपणी त्यांचे कीर्तन ऐकले होते. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती आम्हा नातवंडांना बाबांच्या गोष्टी सांगत असे. काही तिच्याकडून ऐकलेले आणि काही वाचनालयातून पुस्तके आणून वाचलेले, असे जुळवून हे चार शब्द लिहीत आहे. काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

बाबांचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अंगावर ठिगळांची गोधडी, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर. शाळेच्या भिंतीवर ते चित्र असते, म्हणून बाबा म्हणजे स्वच्छता एवढेच आपण मुलांना शिकवतो. ते खरेच आहे. परंतु खराट्याइतकेच मोठे बाबांचे दुसरे एक काम आहे. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्याच्यासाठी त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. आज मला त्या कामाविषयी लिहायचे आहे. ते का लिहावेसे वाटले, त्याला एक कारण घडले आहे. ते शेवटी सांगते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात परिटाच्या घरी झाला. पाळण्यातले नाव डेबू. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. झिंगराजी मनाचे वाईट नव्हते, पण त्यांना दारूचे व्यसन लागले. त्या काळी लग्न असो, बारसे असो की देवाचा नवस असो, दारू आणि बोकड यांच्यावाचून चार माणसे पानावर बसत नसत. घरातले होते नव्हते ते हळूहळू त्यात गेले आणि शेवटी झिंगराजीही गेले. डेबू तेव्हा सातआठ वर्षांचा होता.

पदरात लहान मूल, घरात दाणा नाही, कमावता माणूस गेलेला. सखुबाईंनी काय करावे? त्या मुलाला घेऊन दापुरे गावी भावाच्या आश्रयाला गेल्या. आजी ही गोष्ट सांगताना इथे थोडी थांबत असे. माहेरी सणाला जाणे वेगळे आणि कायमचे जाणे वेगळे, एवढेच ती म्हणे आणि पुन्हा भाकरी थापू लागे. भगिनींनो, सखुबाईंना भाऊ होता म्हणून त्या रस्त्यावर आल्या नाहीत. ज्यांना भाऊ नसतो, त्यांनी कुठे जावे?

मामांचे नाव चंद्रभानजी. ते शेतीवाडी असलेले कष्टाळू गृहस्थ होते. डेबूही मामाच्या घरी फुकट बसला नाही. पहाटे उठून गोठा साफ करणे, गुरे राखणे, मोठा झाल्यावर नांगर धरणे, सगळी कामे तो करी. काम केल्यावाचून भाकरी खायची नाही, ही त्याची सवय तेव्हापासूनची. पुढे घर सुटले, पण ही सवय सुटली नाही.

मामांचे चांगले चालले होते, तोच सावकाराचे कर्ज अंगावर आले. मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे ते न कळता अंगठा दिला. अधूनमधून पैसे भरले, त्याची पावती घेतली नाही. व्याज वाढत गेले आणि एके दिवशी पिकती जमीन सावकाराच्या नावावर झाली. त्या धक्क्याने मामा खचले आणि थोड्याच दिवसांत वारले. सावकाराची माणसे जमिनीचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबू एकटा शेतात उभा राहिला आणि त्यांना त्याने परत लावले, असे सांगतात.

इथपर्यंतच्या गोष्टीत एका घराचा नाश दोनदा झाला. पहिल्यांदा दारूने, दुसऱ्यांदा कर्जाने आणि निरक्षरतेने. दोन्ही वेळा घरातली माणसे आळशी नव्हती. सखुबाई कष्ट करीत होत्या, मामा कष्ट करीत होते, डेबू तर बैलासारखा राबत होता. रस्त्यावरचा माणूस दिसला की हातपाय धड आहेत, काम करायला काय झाले, असे आपण पटकन बोलतो. बाबांच्या लहानपणाकडे पाहिले म्हणजे कळते की घर हे नुसत्या कष्टाने टिकत नाही. कमावता माणूस जाणे, आजार, व्यसन, कर्ज, जातीची हलकी वागणूक, गावात कामच नसणे, यांपैकी दोन गोष्टी एकदम आल्या की भले कष्टाळू घरही बसते.

१८९२ साली डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. संसार सुरू झाला, मुले झाली. मुलीच्या बारशाला त्यांनी जातभाईंना दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद फार रागावले. पण वडील कशाने गेले हे डेबूजी विसरले नव्हते. गावात त्यांचे भजन चाले, रंजल्यागांजल्याला मदत चाले. तरीही मन घरात रमेना. १ फेब्रुवारी १९०५ रोजी आई, पत्नी आणि लेकरे यांना सोडून ते पहाटेच्या अंधारात बाहेर पडले. वय अठ्ठावीस वर्षांचे.

त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे ते अनवाणी भटकले. कुठे जायचे हे ठरलेले नाही, कोणाला नाव सांगायचे नाही. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. जवळ मडक्याचे एक खापर. त्यातच भाकरी-कालवण खायचे, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कुणाचे लाकूड फोडून द्यायचे, मग भाकरी मागायची. कुणी द्यायचे, कुणी वेडा समजून हाकलायचे. रात्री देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली, नदीच्या वाळूत झोपायचे.

सज्जन माणसाने घरदार का सोडावे, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. आता थोडे कळते असे वाटते. ज्याला घर नाही त्याला लोक कसे वागवतात, हे बाबांनी स्वतःच्या अंगावर सोसून पाहिले. गाव त्याला चोर समजते. पोलीस उठवतो. पुजारी ओट्यावरून खाली उतरवतो. पाऊस आला तर आडोसा नाही आणि तोंड धुवायला गेला तर पाणवठ्यावर जात विचारतात. हे ज्याने सोसले, त्यानेच पुढे धर्मशाळा बांधल्या. म्हणूनच त्या धर्मशाळांत पाहुण्याला जिव्हाळा मिळाला.

पहिले मोठे काम आमच्या मुलखातच झाले. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. तिथे काठावर नुसता चिखल. बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी लोकांना हाताशी धरले आणि १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधवला. स्वतः पैशाला हात लावला नाही. ज्याच्याजवळ पैसा त्याने पैसा द्यावा, ज्याच्याजवळ नाही त्याने दगड वाहावेत, असा त्यांचा हिशेब. आमच्या लहानपणी आम्ही बैलगाडीतून त्या यात्रेला जात असू.

पुढे बाबा पंढरपुरास गेले. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येतात. पैसेवाले बडव्यांच्या घरी उतरत, ज्या त्या जातीची माणसे आपापल्या मठांत उतरत. परंतु अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी उंबरठ्याच्या आत घेत नसे. त्यांना देवळातही जाता येत नसे आणि गावातही राहता येत नसे. बायका, म्हातारी माणसे, तान्ही मुले चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत पडत. विठोबाचे देऊळ त्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या पुष्कळ आधी गाडगेबाबांनी पंढरपुरात त्यांच्यासाठी मोठी धर्मशाळा बांधून तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. ज्या चोखोबाला देवळाच्या पायरीपाशी राहावे लागले, त्याच्या नावाने त्याच्या माणसांना छप्पर मिळाले. पुढे ही वास्तू बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

त्यानंतर नाशिक, आळंदी, देहू, मुर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा झाल्या. कुठे सदावर्त, कुठे आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना अन्नदान, कुठे गोरक्षण, कुठे मुलांसाठी वसतिगृहे आणि शाळा. लाखो रुपयांच्या इमारती उठल्या. पण एकही बाबांच्या नावावर नाही. कारभार पंचांकडे, हिशेब चोख. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काडीचाही हक्क नाही, हे त्यांनी पक्के करून ठेवले. स्वतः बाबा धर्मशाळेच्या खोलीत न राहता बाहेर झाडाखाली राहत आणि तिथले अन्न न खाता भाकरी मागून आणून खात.

धर्मशाळा बांधणे सोपे, ती चालवणे अवघड, हे आपल्याला मंडळाच्या एका खोलीवरून ठाऊक आहे. दिवा कोण लावणार, संडास कोण धुणार, भांडण झाले तर कोण मिटवणार? बाबांनी या गोष्टी हलक्या मानल्या नाहीत. जागा स्वच्छ हवी, पाण्याची सोय हवी, येणाऱ्याची जात विचारायची नाही. गरिबाला दिलेली जागा गलिच्छ असली तरी चालेल, असे त्यांना कधीच वाटले नाही.

आपल्या मुंबईशीही त्यांचा निकटचा संबंध होता. जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येतात. रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने, आईने कुठे राहायचे? त्या फुटपाथवर चूल मांडत. १९५४ साली बाबांनी अशा नातेवाइकांसाठी तिथे धर्मशाळा बांधविली. आजार माणसाला कसा बेघर करतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. बाबांच्या मागे त्यांच्याच नावाची धर्मशाळा दादरला झाली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे तिथे अल्प खर्चात राहतात. आपल्या डोंबिवलीहून लोकलने दादर कितीसे लांब? तरी आपल्यापैकी किती जणींनी ती पाहिली आहे?

आता बाबांच्या कामाची दुसरी बाजू सांगते. माझ्या मते खरी शिकवण तिथेच आहे. दिवसा झाडू आणि रात्री कीर्तन असा त्यांचा क्रम होता. त्या कीर्तनात ते शास्त्रार्थ सांगत नसत. समोरच्या अडाणी माणसांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून लग्न करू नका. दारूला शिवू नका. देवापुढे बकरे कापू नका. शिवाशिव पाळू नका. एक वेळ जेवणाचे ताट मोडा, पण मुलांना शाळेत घाला. आजी सांगे की, कीर्तनात माणसे हसत हसत रडू लागत, कारण बाबा ज्याचे नाव न घेता बोलत, तो समोरच बसलेला असे.

हे वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. दारू झिंगराजींना घेऊन गेली. कर्ज आणि अंगठा मामांना घेऊन गेला. बाबांनी ज्या ज्या गोष्टींवर कीर्तनात झाडू फिरवला, त्या सगळ्या त्यांच्या घरावरून गेलेल्या होत्या. धर्मशाळा ही रस्त्यावर आलेल्यांसाठी. कीर्तन हे माणूस रस्त्यावर येऊ नये यासाठी. ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी केली नाहीत. नुसते छप्पर दिले आणि कर्ज-दारू तशीच राहिली, तर कितीही धर्मशाळा बांधल्या तरी पुऱ्या पडणार नाहीत. आणि नुसता उपदेश केला, तर आज रात्री भिजणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

एक गोष्ट मात्र मी गृहिणी म्हणून लिहिल्यावाचून राहू शकत नाही. बाबा गेले, तेव्हा कुंताबाईंच्या ओटीत लहान मुले होती. हजारोंना आसरा देणाऱ्याने आपल्या बायकोला कोणाच्या भरवशावर टाकले? पुढे बाबांची संस्था मोठी झाली, तरी कुंताबाई झोपडीतच राहिल्या असे सांगतात. १९२३ साली मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी आली, तरी कीर्तन थांबले नाही. लोक हे वैराग्य म्हणून सांगतात. मला त्याच वेळी ती आई डोळ्यांपुढे येते. बाबांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण धर्मशाळांच्या पायात कुंताबाईंचेही दगड आहेत, एवढे आपण बायकांनी तरी विसरू नये.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी सर्व संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेले होते, तरी फिरणे थांबले नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. ते तेव्हाही प्रवासातच होते. जन्मभर ज्याने स्वतःसाठी घर केले नाही, त्याला शेवटही वाटेतच आला. पुढे २००० सालापासून सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला लागले, याचा आम्हा वऱ्हाडच्या लोकांना फार अभिमान वाटतो.

आता आपल्या गावाकडे वळते. बेघरपणा आपल्या कल्याण-डोंबिवलीला नवा नाही. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा सिंधमधून घरदार टाकून आलेल्या जवळजवळ एक लाख माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवले. त्यांत मोठमोठे व्यापारी होते, शिकलेसवरलेले होते. एका रात्रीत ते निराश्रित झाले. त्यांना आळशी कोण म्हणेल? १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि त्याच माणसांनी तिथे कारखाने आणि बाजारपेठ उभी केली. डोक्यावर छप्पर आणि हाताला काम मिळाले की माणूस उभा राहतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्याच स्टेशनावर आहे.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा पुष्कळ गिरणी कामगारांची बिऱ्हाडे इकडे आली. दुष्काळी जिल्ह्यांतली माणसे रोजगारासाठी येतात. सकाळी नाक्यावर उभी राहतात. काम मिळाले तर मिळाले. घरभाडे आणि डिपॉझिट ऐकून छाती दडपते. मग पुलाखाली प्लास्टिक बांधून संसार मांडतात. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर मोजली गेली. ज्याचा पत्ताच नाही त्याची मोजणी नीट कशी व्हावी? म्हणून खरा आकडा याहून मोठाच असावा.

आणि घर असलेलेही सुरक्षित नाहीत. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळ फाट्याजवळ नवी इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २०१५ च्या जुलैत आपल्या ठाकुर्लीत जुनी इमारत पडली. त्यानंतरच्या एका पावसाळ्याआधी आम्ही राहत होतो त्या इमारतीवरही धोकादायक म्हणून नोटीस लागली. आठ दिवसांत बाहेर पडायचे होते. ह्यांची कंपनी त्या आधीच बंद झालेली. अडीच महिने आम्ही नात्यातल्या एका घरी गॅलरीत पथारी टाकून काढले. त्यांनी कधी वेडेवाकडे बोलून दाखवले नाही. पण सकाळी संडासासाठी आपली पाळी शेवटी लावायची, चहात साखर कमी असली तरी बोलायचे नाही, मुलाने टीव्ही मोठा केला की त्याला डोळे वटारायचे, हे सगळे मी शिकले. सखुबाई भावाच्या घरी कशा राहिल्या असतील, ते मला तेव्हा कळले. त्या दिवसांत मंडळातल्या एका ताईंनी माझी ट्रंक सांभाळली, एका काकूंनी गॅसची शेगडी ठेवून घेतली, आणि मोठी भांडी आपल्या मंडळाच्या खोलीत राहिली. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट लिहायला मला जड जाते. गेल्या श्रावणात मुसळधार पाऊस होता. मंडळाच्या खोलीची किल्ली त्या आठवड्यात माझ्याकडे होती. संध्याकाळी कुलूप लावायला गेले, तर पायरीवर एक बाई दोन लहान मुलांना पदराखाली घेऊन बसली होती. पूर्ण भिजलेली. मी घरून चहा आणला, बिस्किटांचा पुडा दिला, एक जुनी साडी दिली. तिने रात्रीपुरते आत बसू द्या, एवढेच विचारले. माझ्या मनात नाही ते विचार आले. काही चोरीला गेले तर? लोक काय म्हणतील? मला कुणी अधिकार दिला? उद्या अध्यक्षाबाईंना विचारू, असे म्हणून मी कुलूप लावले आणि घरी आले. सकाळी गेले तेव्हा पायरी मोकळी होती. साडी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती.

ज्या खोलीत माझ्या भांड्यांना अडीच महिने जागा मिळाली, त्या खोलीत तिच्या मुलांना मी एक रात्र जागा दिली नाही. हे मी कोणाला बोलले नव्हते. आज लिहीत आहे.

बाबा त्या पायरीशी आले असते तर त्यांनी काय केले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांनी दार उघडले असते, हे तर खरेच. पण त्याआधी त्यांनी तिला विचारले असते, की बाई, तुझे घर कशाने गेले? मी तिला तिचे नावही विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चौकशी केली, तेव्हा समजले की २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की शहरात दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा आणि तो वर्षभर, रात्रंदिवस उघडा हवा. २०११ च्या मोजणीप्रमाणे कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, ठाण्याची अठरा लाखांवर. म्हणजे आपल्याकडे बारा आणि ठाण्यात अठरा निवारे हवेत. हा हिशेब सातवी शिकलेल्या बाईलाही येतो. ते कुठे आहेत, बायका-मुलांसाठी त्यांत वेगळी जागा आहे का, हे आपण मंडळाच्या नावाने रीतसर अर्ज करून विचारावे. त्या रात्री एखाद्या निवाऱ्याचा पत्ता मला ठाऊक असता, तर मी रिक्षा करून तिला पोचवून आले असते.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. त्या मंडळापुढे नम्रपणे मांडते. पहिली, निवाऱ्यांचे पत्ते आणि फोन मोठ्या अक्षरांत मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावेत आणि अडल्या रात्री किल्ली असलेल्या बाईने काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. म्हणजे माझ्यासारखी दुसरी कोणी भ्यायची नाही. दुसरी, या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांचे वाण लुटण्याऐवजी ते पैसे जमा करून दादरच्या धर्मशाळेतल्या रोग्यांसाठी चादरी न्याव्यात, आणि सर्वजणींनी जाऊन ती धर्मशाळा डोळ्यांनी पाहून यावी. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपण भिशी चालवतोच. तशीच एक वेगळी पेटी ठेवावी. आपल्या आळीत कुणाचा कमावता माणूस गेला, कुणी दवाखान्यात पडले, कुणाचे भाडे थकले, तर दोनतीन महिन्यांचे भाडे त्या पेटीतून बिनव्याजी द्यावे. सावकाराच्या दारी तिने जाऊ नये. घर गेल्यावर शंभर जणी धावल्या तरी ते परत उभे राहत नाही. जाण्याआधी दहा जणींनी हात लावला तर ते टिकते.

बाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते. त्या दिवशी दरवर्षी आपण मंडळाची खोली झाडतो आणि फोटोला हार घालतो. या वर्षी झाडून झाल्यावर या तीन गोष्टींवर बोलणे व्हावे, अशी माझी विनंती आहे. मी माझ्या वाटणीचे पहिले शंभर रुपये पेटीत टाकायला तयार आहे. ती साडीही मी जपून ठेवली आहे. ती बाई पुन्हा कुठे दिसली तर मला ओळखू येईल असे वाटते. आपल्यापैकी कोणाला दोन लहान मुले बरोबर असलेली, उंचशी, कपाळावर गोंदण असलेली बाई स्टेशनाजवळ दिसली, तर तिला हाक मारावी आणि आधी तिचे नाव विचारावे.

मंडळाची दिवसेंदिवस भरभराट होवो, अशी श्री गाडगे महाराजांच्या चरणी प्रार्थना करून हे लिखाण पुरे करते.